आजोबांचे कान

मिरजेच्या त्या दवाखान्यात बाकावर आमच्या शेजारी एक मुलगा बसला होता. आठ-नऊ वर्षांचा असेल. एप्रिल महिना, बाहेर ऊन रणरणतंय, पंखा नुसताच गरम हवा फिरवतोय, आणि याच्या डोक्यावर लोकरीची कानटोपी. वडील काउंटरपाशी नाव नोंदवत होते. काय तक्रार आहे असं तिथल्या ताईंनी विचारल्यावर ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पोराचे कान आत घ्यायचेत." शिंप्याकडे शर्ट आत घ्यायला द्यावा तसं. मुलाने टोपी आणखी खाली ओढली. मग बराच वेळ तो माझ्या आईकडे बघत राहिला. आईच्या दोन्ही कानांच्या पाळ्या फाटलेल्या. उजव्या पाळीच्या तर पार खालपर्यंत दोन फाका झालेल्या. शेवटी त्याने हळूच विचारलं, "आजी, तुम्हालापण चिडवतात?" आई म्हणाली, "न्हाई रे बाळा. माझा फाटलाय. सोन्यानं फाटला." त्यावर तो जरा विचार करून म्हणाला, "मग बरंय."

मग बरंय.

हे दोन शब्द माझ्या डोक्यातून गेलेच नाहीत. कातडं फाटलं तरी चालेल, पण कुणी चिडवायला नको, असा हिशोब त्या वयात त्याने मनाशी पक्का करून टाकला होता. टोपीच्या कडेला घामाची ओली रेघ उमटली होती, तरी टोपी त्याने काढली नाही. आमचा नंबर लागला, आम्ही आत गेलो. बाहेर आलो तेव्हा बाकावर दुसरीच माणसं होती. त्याचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही. सांगलीला परतताना बसमध्ये आई डोळे मिटून बसली होती आणि मी समोरच्या सीटवरच्या बायकांचे कान बघत होते. काळी पडलेली भोकं, लांबट झालेली भोकं, पाळीच्या मागून डोकावणारी चिकटपट्टी. इतकी वर्षं हे सगळं डोळ्यांसमोर होतं.

आईच्या कानांची गोष्ट तिच्या लग्नापासून सुरू होते. सासूने, म्हणजे माझ्या आजीने, तिच्या कानांत फुलं-झुबे घातले, वरच्या कडेला बुगडी, आणि झुब्यांचा भार पाळीवर येऊ नये म्हणून केसांत अडकवायचे वेल. वेल निघायचे सणासुदीला. एरवी नुसतेच झुबे: धुणं धुताना, भाकरी थापताना, लेकराला पाजताना, रात्री झोपतानाही. भुंड्या कानांनी बाईने दारात उभं राहणं आमच्याकडे बरं दिसत नाही. काढून ठेवले तर आजी काही बोलायची नाही, नुसती बघायची. लेकरांनी झुबे ओढले, मग नातवंडांनी ओढले. अंग पुसताना टॉवेलात अडकले. भोकं ओघळत गेली. आधी गोल होती ती लांबट झाली, मग नुसती चीर उरली. घरातली चिकटपट्टी जखमांना कमी आणि आईच्या कानांना जास्त लागायची. एका चैत्रातल्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ वाढता वाढता तिचा उजवा झुबा पातेल्यात पडला. जमलेल्या बायकांपैकी कुणी हसलं नाही. बऱ्याचजणींचे हात आपापल्या कानांकडे गेले.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका ब्यूटी पार्लरबाहेर पाटी आहे: फाटलेले कान टाके न घालता जोडून मिळतील. शेजारच्या वहिनी तिथे जाऊन आल्या होत्या. कसलंसं औषध लावलं, आग आग झाली, खपली धरली, पाळी चिकटली, आणि काही महिन्यांनी पुन्हा सुटली. कडेचं कातडं मात्र काळं पडलं ते पडलंच. त्यांचा कान बघूनच आईला मिरजेला न्यायचं ठरलं. डॉक्टरांनी कागदावर पाळी काढून दाखवली. फाटलेल्या दोन्ही कडांवर केव्हाच नवं कातडं आलेलं असतं, दोन्ही बाजू आपापल्या परीने बऱ्या झालेल्या असतात, त्यामुळे नुसत्या टेकवून त्या जुळत नाहीत. आधी कडा कापून पुन्हा ओल्या करायच्या, मग टाके घालायचे. भूल तेवढ्याच जागेपुरती. आठवड्या-दहा दिवसांनी टाके काढायचे आणि नवं भोक दोन-तीन महिन्यांनी, तेही व्रणावर नाही, त्याच्या बाजूला. आईने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे जोडायला आधी परत जखम करायची." डॉक्टर म्हणाले, "हो आजी. तेवढंच आहे बघा."

ही कृती किती जुनी आहे ते मला नंतर वाचताना कळलं. सुश्रुतसंहिता या आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथात सूत्रस्थान नावाचा पहिला भाग आहे; त्यातला सोळावा अध्याय बहुतेक सगळा कानांवर आहे. कान टोचावेत कसे, टोचताना चुकलं तर काय होतं, फाटलेली पाळी जोडावी कशी. जोडण्याचे प्रकार सांगितलेत पंधरा. पाळीची एक फाक लांब आणि एक आखूड राहिली असेल तर एक रीत, दोन्ही सारख्या असतील तर दुसरी. पाळीच उरली नसेल तर गालाचं मांस, एका बाजूने गालाला जोडलेलं ठेवूनच, वळवून नवी पाळी करायची. कडा ताज्या करायच्या, जुळवायच्या, मध-तूप लावायचं, कापसात गुंडाळायचं, आणि दोरा बांधायचा तो घट्टही नको, सैलही नको. कापलेलं नाक नव्याने करण्याची कृतीही याच अध्यायाच्या शेवटी येते. नाक करणारी माणसं आपल्याकडे पुढेही होती: टिपूच्या कैदेत नाक आणि हात गमावलेल्या कावसजी नावाच्या बैल हाकणाऱ्या माणसाला पुण्याजवळ विटा करणाऱ्यांपैकी एकाने कपाळाचं कातडं वळवून नवं नाक दिलं. आधी मेणाचं नाक करून बघितलं, ते पसरून कपाळावर माप आखलं, मग सुरी धरली. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्ये ऑक्टोबर १७९४ च्या अंकात हे सगळं चित्रासह छापून आलं. कावसजीने नाक करून घेतलं याला कुणी हौस म्हणत नाही. नाक कापणं ही शिक्षाच मुळी चारचौघांत तोंड दाखवता येऊ नये म्हणून होती, आणि त्याला तोंड दाखवायचं होतं. त्या कानटोपीतल्या मुलालाही तेवढंच हवं होतं असं मला वाटत राहतं.

सुश्रुताच्या त्या अध्यायात टोचण्याच्या जागेबद्दल जे आहे, ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. पाळी उन्हाकडे धरायची, जिथून उजेड आरपार येईल त्या आपोआपच पातळ असलेल्या जागी, हळूहळू, सरळ टोचायचं. बाळाला दाईच्या मांडीवर बसवायचं, खेळणी द्यायची, गोंजारायचं. मुलगा असेल तर आधी उजवा कान, मुलगी असेल तर आधी डावा. वय सहा-सात महिने. आमच्या घरात मात्र बाराव्या दिवशीच सोनार यायचा. पितळी ताटलीत सोन्याची तार, वाटीत खोबरेल तेल आणि हळद. खिडकीतून येणारं सकाळचं ऊन बाळाच्या कानातून लालभडक दिसायचं, आतल्या केसाएवढ्या शिरासुद्धा दिसायच्या. एक बाई डोकं धरायची, एक पाय. मग ती किंकाळी. बाळाची आई आतल्या खोलीत कान झाकून बसायची आणि बाहेर सगळे म्हणायचे, झालं झालं, शूर आहे गं पोरगी. तारेचं टोक वळवून सोनार उठायचा, त्याला पानसुपारी, दक्षिणा. कान टोचून घ्यायचेत का, असं त्या बाळाला कोण विचारणार? माझेही तसेच टोचले गेले. मला ते भोक आवडतं, त्यात घातलेली मोत्याची कुडी आवडते, आणि तरीही माझ्या अंगावरची सुईची पहिली खूण दुसऱ्या कुणीतरी ठरवलेली आहे, हे खरंच आहे.

आमच्या घराण्याला आणखी एक गोष्ट न विचारता मिळाली. आजोबांचे कान.

दिवाणखान्यात त्यांचा फोटो आहे. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट आणि दोन्ही बाजूंनी सरळ बाहेर आलेले कान. हसले की तेही हलायचे म्हणे. हे कान आत्याला आले नाहीत, पण तिच्या मुलाला, माझ्या आतेभावाला, जसेच्या तसे आले. शाळेत त्याचं नाव अँटेना पडलं. मास्तरांना कान पिळायला त्याचाच सोपा पडायचा. थंडी सुरू व्हायच्या आधीच तो कानटोपी काढायचा आणि होळी होऊन गेली तरी ती डोक्यावरून उतरत नसे, म्हणून मिरजेला त्या मुलाची टोपी बघून माझ्या पोटात कालवलं. न्हाव्याकडे गेला की रडून परत यायचा, कारण घरच्यांना बारीक कटिंग आवडायची. घरचे समजूत घालायचे: गणपतीचे कान बघ केवढे, मोठ्या कानाचा माणूस भाग्यवान असतो. आजोबा भिंतीवरच्या गांधीजींच्या तसबिरीकडे बोट दाखवायचे. सरोजिनी नायडू त्यांना प्रेमाने मिकी माऊस म्हणायच्या, हेही सांगायचे. एकदा तो म्हणाला, "पण त्यांना आमच्या वर्गात बसायचं नव्हतं." त्यावर आजोबांना काही बोलता आलं नाही.

१८८१ साली न्यूयॉर्कमध्ये एडवर्ड एली नावाच्या डॉक्टरने बाहेर आलेल्या कानांवरची पहिली नोंदलेली शस्त्रक्रिया केली. पेशंट होता बारा वर्षांचा मुलगा, आणि कारण होतं सोबतच्या मुलांचं चिडवणं. कानाच्या वरच्या कडेच्या आत आणखी एक वळी असते. आईच्या पोटात ती नीट पडली नाही की कान चपटा राहून बाहेर येतो. काहींच्या कानाची वाटीच खोल असते, काहींचं दोन्ही. ऐकू येण्यात काडीचा फरक पडत नाही. शस्त्रक्रियेत कानाच्या मागून चीर देतात, कूर्चा, म्हणजे कानातलं लवचीक हाड, वाकवून टाक्यांनी ती हरवलेली वळी पाडतात. ही टाके घालण्याची पद्धत जॅक मुस्टार्डे या स्कॉटलंडच्या सर्जनने १९६३ मध्ये मांडली आणि ती अजूनही चालते. व्रण कानामागे लपतो. काही दिवस डोक्याला बँडेज, मग काही आठवडे रात्री झोपताना पट्टा. मुलांना पूर्ण भूल देतात, मोठ्यांचं कानापुरत्या भुलीतही होतं. रक्त साकळतं कधी, जंतू शिरतात, टाका सुटून कान पुन्हा पुढे येतो, ज्यांचे व्रण फुगतात त्यांच्या कानामागे गाठ धरते, दोन कान एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. पाच-सहा वर्षांपर्यंत कान जवळजवळ मोठ्या माणसाएवढा होतो, म्हणून त्यानंतर ही शस्त्रक्रिया करता येते. आणि चिडवणंही त्याच वयात सुरू होतं. शाळेत जायच्या आधी उरकून टाका, असं सांगणारे आहेत. मला ते पटत नाही. पाच वर्षांच्या मुलाला आपल्या कानात काही वावगं आहे हे अजून ठाऊकच नसेल, तर ते त्याला आपण का सांगायचं? पण आठ वर्षांचं मूल स्वतःहून म्हणत असेल तर त्याला गणपती दाखवून गप्प बसवणं हाही अन्यायच आहे. आतेभाऊ म्हणतो, आठव्या वर्षी मला कुणी नेलं असतं तर मी पळत गेलो असतो. पण मुलगा आहे, त्याला काय करायचंय रूप, हे घरातलं पालुपद होतं.

तिशी ओलांडल्यावर तो पुण्याला एकटाच गेला आणि करून आला. घरी सांगितलं, ऑफिसचं ट्रेनिंग आहे. कानापुरतीच भूल दिली होती. दुखत नव्हतं, पण आवाज ऐकू येत होता, असं त्याने मला पुढे सांगितलं. "कापताना करकर होते ना, ती बाहेरून नाही येत. डोक्याच्या आतून येते. आणि डॉक्टर नर्सला हळू आवाजात जे काय सांगत होते, तेही सगळं ऐकू येत होतं. शेवटी कानाशीच चाललेलं होतं ना." पट्टी सुटल्यावर तो पुण्यातच एका सलूनमध्ये शिरला आणि बारीक कटिंग मार म्हणाला. आरशात बघत बसला. न्हाव्याने विचारलं, झालं का साहेब, तरी उठला नाही.

घरी आल्यावर आत्या काही क्षण बघत राहिली. मग म्हणाली, "बाबांचे कान होते रे ते."

ती रागावली नव्हती. आजोबा गेल्यानंतर ती जेव्हा जेव्हा मुलाला पाठमोरा बसलेला बघायची, तेव्हा तिचे वडील बसलेत असं तिला वाटायचं. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, त्यालाही नाही. आता सांगून उपयोग नव्हता. आतेभाऊ त्या रात्री जेवला नाही. त्याने काय करायला हवं होतं, याचा मी खूप विचार केलाय. त्याने केलं ते बरोबरच केलं असं मला वाटतं, अगदी मनापासून वाटतं. आणि आत्याचं दुःखही खरं होतं. माणसाचा चेहरा त्याचा एकट्याचा असतो, पण तो बघत दुसरीच माणसं जगत असतात, आणि त्यांची परवानगी घेत बसलं तर कुणाला काहीच बदलता येणार नाही. त्याला मुलगा झाला तेव्हा त्याने आधी कान बघितले. तेच. आत्या हरखून म्हणाली, "आले की परत." तो मुलगा आता चौदा वर्षांचा आहे. आतेभावाने त्याला समोर बसवून विचारलं, करायचंय का, पैशाची काळजी करू नकोस. मुलगा म्हणाला, नको, मला काही वाटत नाही त्याचं. आणि बाजूचे केस मशीनने पार उडवून कान मोकळे सोडून हिंडतो. आतेभाऊ हे मला सांगत होता तेव्हा त्याच्या आवाजात अभिमान होता, आणि थोडी असूयाही. या पोराला वर्गात कुणी अँटेना म्हणत नाही असं नाही. त्याचं त्यामुळे काही अडत नाही, एवढंच. तसं का होतं, एकाच कानांनी एक पोर खचतं आणि दुसरं नाही, याचा उलगडा मला झालेला नाही.

गेल्या पावसाळ्यात माझी भाची बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. दोन्ही कानांची वरची कड पुढे दुमडलेली आणि कान बाहेर. आई लगेच म्हणाली, टोपडं घट्ट बांधा, मालीशवाली येते तिला रोज तेलाने कान मागे चेपायला सांगा. आमच्या सगळ्या बायकांना हे ठाऊक असतं, की टोपडं घातलं नाही तर कान बाहेर येतात. त्यामागे निरीक्षण आहे हे मला मिरजेच्या डॉक्टरांकडून कळलं. आईच्या शरीरातल्या इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा अंश बाळात जन्मानंतर काही आठवडे राहतो, त्यामुळे कूर्चा मऊ असते, वळवाल तशी वळते. तो अंश ओसरला की कडक होते. टोपड्याच्या दाबाने ही घडी सुटणार नव्हती. पण पहिल्या दोन-तीन आठवड्यांत मऊ नळीत तार घालून केलेला आधार कानाच्या कडेत बसवला आणि वरून चिकटपट्ट्या लावल्या, तर पुढे सुरी लागण्याची वेळच बहुतेकदा येत नाही. दुखत नाही. बाळ झोपून असतं आणि काम होतं.

भाचीच्या सासूबाईंना हे अजिबात पसंत पडलं नाही. एवढ्याशा जिवाला पट्ट्या कसल्या चिकटवता, देवाने दिलंय ते राहू द्या. त्याच फोनवर त्यांनी बारशाला सोनार किती वाजता येणार तेही विचारलं. भाचीने मला विचारलं, आत्या, तू काय म्हणतेस. मी तिला स्पष्ट सांगितलं, पट्ट्या आजच लाव, कारण हे नंतर होत नाही. टोचायचं थांबव, ते कधीही होतं. तिने पट्ट्या लावून घेतल्या आणि बाराव्या दिवशी सोनारालाही बोलावलं. घरात राहायचं असतं, दोन्हीकडच्या माणसांना धरून राहायचं असतं. तिला मी काही बोलले नाही.

सोनाराने पेनाने खुणा केल्या. आईने चष्मा लावला, बाळाची पाळी बोटांत धरली आणि म्हणाली, "पुसा ह्या. खाली झाल्यात. काठाजवळ टोचलं की ओघळतं." सोनार म्हणाला, "आजी, मी चाळीस वर्षं टोचतोय." आई म्हणाली, "आणि मी पन्नास वर्षं घालतेय." त्याने खुणा पुसल्या आणि वर केल्या. सासूबाईंनी भरीव सोन्याच्या बाळ्या आणल्या होत्या, त्या आईने हातात घेऊन वजन बघितलं आणि डबीत परत ठेवायला लावल्या. तारच घातली.

कानाच्या वरचा आधार काही आठवड्यांनी निघाला. डाव्या कानाची घडी पार गेली. उजवा थोडासा बाहेर राहिलाय, आणि पुढे त्याचं काही करायचं की नाही यावरून घरात आत्तापासून दोन तट पडलेत. माझी आत्या कुठल्याच तटात नाही. ती येते, बाळाला उजव्या अंगाने मांडीवर घेते आणि वाद घालणाऱ्यांना सांगते, पोरगी बोलायला लागेपर्यंत तो कान माझा आहे.